घरच्या पूलसाठी क्लोरीनची साधनं: टेस्ट किट, गोळ्या, डोसिंग पंप आणि सॉल्ट क्लोरिनेटर

पूलसाठी क्लोरीनचं साधन निवडताना बहुतेक खर्च मशीनवर होतो आणि पाणी तपासायचं किट मात्र सोबत फुकट मिळेल त्यावर भागवलं जातं. हा क्रम उलटा हवा. क्लोरीन गोळीतून येवो, कॅनमधून येवो की मिठापासून जागच्या जागी तयार होवो, पाण्यात गेल्यावर त्याचं काम एकच. फरक पडतो तो तीन गोष्टींत: क्लोरीनसोबत आणखी काय पाण्यात जातं, रोज किती लक्ष द्यावं लागतं आणि काही बिघडलं तर ते कळतं कधी. याच तीन कसोट्यांवर इथे एकेक साधन तपासलं आहे.

उदाहरणासाठी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पूल धरू. ४८ हजार लिटर, हिशेबाला ५० हजार. १ पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे या पूलमध्ये क्लोरीन १ पीपीएमने वाढवायचं तर ५० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. तेवढंच क्लोरीन १० टक्क्यांच्या लिक्विड क्लोरीनमधून द्यायचं तर अर्धा लिटर, ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडरमधून द्यायचं तर साधारण ७७ ग्रॅम आणि ९० टक्क्यांच्या ट्रायक्लोर गोळीतून द्यायचं तर ५५ ग्रॅम. आपला पूल किती लिटरचा, हे एकदा नीट मोजून पंपाजवळ लिहून ठेवा. तिथेच चूक झाली तर पुढचा प्रत्येक डोस चुकतो.

पहिली खरेदी: थेंब मोजायचं किट

सर्वांत स्वस्त किटमध्ये थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. ही ऑर्थोटोलिडीनची चाचणी. ती एकूण क्लोरीन दाखवते, पण त्यातलं मोकळं किती आणि घाम, लघवी यांतल्या नायट्रोजनशी बांधलं जाऊन जवळपास निकामी झालेलं किती, हे सांगत नाही. नेमकी तीच माहिती आपल्याला हवी असते. अशा किटवर पूल चालवू नये.

त्याच्या वरची पायरी म्हणजे डीपीडी, ज्यात पाणी गुलाबी होतं आणि छटा पट्टीशी जुळवायची असते. चाचणी चांगली आहे, मर्यादा डोळ्यांची आहे. १ आणि २ मधला फरक दिसतो, ४ आणि ५ मधला नाही. शिवाय यात एक धोका आहे. क्लोरीन १० पीपीएमच्या आसपास किंवा वर गेलं की रंग क्षणभर गुलाबी होऊन उडून जातो आणि नमुना स्वच्छ दिसतो. बघणारा समजतो क्लोरीन शून्य आहे, आणि आणखी ओततो. थेंब पडताक्षणी गुलाबी चमक दिसून गेली का, याकडे लक्ष ठेवा. शंका आली तर १ भाग पूलचं पाणी आणि ४ भाग डिस्टिल्ड वॉटर घेऊन पुन्हा तपासा आणि उत्तराला ५ ने गुणा. पीएच बघायच्या फिनॉल रेडचंही तसंच. क्लोरीन फार चढलं असेल तर तो जांभळट होतो आणि पीएच आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. अशा वेळी ॲसिड टाकायची घाई करू नका, आधी क्लोरीन उतरू द्या.

आमची शिफारस एफएएस-डीपीडी किटची. यात छटा जुळवायची नसते, थेंब मोजायचे असतात. १० मिलिलिटर पाणी घ्या, पावडर टाका, पाणी गुलाबी होईल. मग बाटली सरळ उभी धरून एकेक थेंब टाका, हलवा, पुढचा थेंब. रंग पूर्ण गेला की थांबा. प्रत्येक थेंब अर्धा पीपीएम. ९ थेंब लागले तर मोकळं क्लोरीन साडेचार. त्याच नमुन्यात तिसऱ्या बाटलीतले ५ थेंब टाकले आणि पाणी पुन्हा गुलाबी झालं, तर बांधलेलं क्लोरीन आहे. ते परत थेंब मोजून काढा. बांधलेलं अर्ध्या पीपीएमपर्यंत असेल तर पाणी ठीक. त्याच्या वर गेलं तर पाण्यात क्लोरीन खाणारं काहीतरी साठतंय. या पद्धतीचं सर्वांत ओळखीचं किट म्हणजे टेलर कंपनीचं के-२००६. त्याच कंपनीचं के-२००५ दिसायला जवळपास तसंच असतं, पण त्यात क्लोरीनची चाचणी छटा जुळवायची आहे. घेताना डब्यावरचा नंबर नीट वाचा, कारण हा एवढा फरकच महत्त्वाचा आहे.

कागदी पट्ट्या प्रवासात किंवा शेजाऱ्याच्या पूलवर नजर टाकायला बऱ्या. ओल्या बोटांनी डबी उघडली की उरलेल्या पट्ट्या दमट होतात आणि मग आकडा कुठलाही येतो. स्टॅबिलायझरच्या (क्लोरीनला उन्हात टिकवणारं रसायन, त्याबद्दल पुढे) बाबतीत तर पट्टीवर अजिबात विसंबू नका.

नमुना कसा घेता यावरही बरंच अवलंबून असतं. बाटली पालथी धरून कोपरापर्यंत हात पाण्यात घाला, मग सरळ करून भरा. पृष्ठभागावरचं पाणी घेऊ नका, आणि रिटर्नच्या, म्हणजे फिल्टर झालेलं पाणी जिथून पूलमध्ये परत येतं त्या पाइपच्या, तोंडाशी तर नकोच. रसायनांच्या बाटल्या सावलीत ठेवा, तापलेल्या पंपघरात नाही.

स्टॅबिलायझरचा आकडा कळल्याशिवाय क्लोरीनचा आकडा अर्धवट

सायन्युरिक ॲसिड, म्हणजे स्टॅबिलायझर, हा सगळ्या विषयाचा कणा आहे आणि साधनं विकणारे नेमकं याच्याबद्दल कमी बोलतात. उघड्या पूलमध्ये स्टॅबिलायझर नसेल तर भर उन्हात तासाभराच्या आत निम्मं क्लोरीन उडतं. सायन्युरिक ॲसिड क्लोरीनला सैलसर धरून ठेवतं, त्यामुळे ते उन्हात टिकतं. पण धरून ठेवलेलं क्लोरीन जंतू मारत नाही. मोकळं सुटेल तेवढंच मारतं. म्हणून स्टॅबिलायझर वाढलं की मोकळ्या क्लोरीनचा आकडाही त्या प्रमाणात वाढवावा लागतो. साध्या पूलला मोकळं क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साधारण साडेसात टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. स्टॅबिलायझर ४० पीपीएम असेल तर किमान ३ पीपीएम, ८० असेल तर ६. किटच्या पट्टीवर '१ ते ३ उत्तम' असं छापलेलं असतं, ते स्टॅबिलायझर ८० असलेल्या पूलला लागू पडत नाही. तिथे ३ पीपीएमवर शेवाळ धरतं आणि मालक म्हणतो, क्लोरीन तर बरोबर आहे!

लिक्विडवर चालणाऱ्या उघड्या पूलला स्टॅबिलायझर ३० ते ५० पुरे. आपल्या ५० हजार लिटरच्या पूलमध्ये ते शून्यावरून ३० वर न्यायला दीड किलो लागतं. दाणे सावकाश विरघळतात, म्हणून जुन्या मोज्यात भरून रिटर्नच्या समोर लटकवावेत आणि मधूनमधून हाताने दाबावेत. तळाशी फेकून दिले तर ते फिल्टरमध्ये जाऊन बसतात आणि बॅकवॉशबरोबर, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना, वाहून जातात. चाचणीत पूर्ण आकडा दिसायला आठवडाही लागू शकतो, तोवर आणखी टाकू नये.

चाचणी काळ्या ठिपक्याची असते. पूलचं पाणी आणि रसायन मिसळलं की ते दुधाळ होतं, आणि ते नळीत ओतत गेल्यावर तळचा ठिपका दिसेनासा होतो त्या रेषेवरचा आकडा वाचायचा. उजेडात, पण सूर्याकडे पाठ करून उभं राहा, नळी कमरेच्या उंचीला धरा, ठिपक्याकडे टक लावून पाहू नका. नजर जाता-येता पडू द्या. पाणी फार गार असेल तर ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आकडा १०० च्या पलीकडे वाटला तर नमुन्यात तेवढंच नळाचं पाणी मिसळून पुन्हा बघा आणि उत्तर दुप्पट करा.

वाढलेलं स्टॅबिलायझर कमी करायचा भरवशाचा उपाय एकच, पाणी काढून नवं भरणं. १०० चे ५० करायचे तर निम्मा पूल बदलावा लागतो.

गोळ्या, तरंगता डबा आणि लाइनवरचा फीडर

सोयीच्या बाबतीत ट्रायक्लोर गोळीला तोड नाही. २०० ग्रॅमची एक गोळी काही दिवस हळूहळू विरघळते, साठवायला जागा लागत नाही, हातातून सांडत नाही. तिची किंमत मात्र पाण्यात साठत जाते. ट्रायक्लोरमधून १० पीपीएम क्लोरीन गेलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड जातं. उन्हाच्या दिवसांत पूल रोज ३ पीपीएम क्लोरीन खातो असं धरा. म्हणजे स्टॅबिलायझर रोज १.८ ने वाढणार, महिन्याला ५४ ने. ३० वर सुरू झालेला पूल दोन महिन्यांत १३० च्या पुढे जातो, आणि तोवर पाणी स्वच्छ दिसत असतं म्हणून कुणी तपासत नाही. मग एका गरम, गर्दीच्या दिवसानंतर पाणी हिरवं होतं. डायक्लोर दाणे याहूनही भारी, १० पीपीएम क्लोरीनमागे ९ पीपीएम स्टॅबिलायझर. ज्या पूलचं पाणी पावसाने किंवा बॅकवॉशने भरपूर बदलतं, तिथे गोळ्या बऱ्याच काळ चालतात. बाकी ठिकाणी त्या गावाला जाताना वापरायच्या, रोज नाही.

तरंगता डबा घेतला तर तो दोरीने बांधा. सुटा राहिला की वाऱ्याने एकाच पायरीशी किंवा कोपऱ्यात जाऊन थांबतो आणि तिथलं लायनर किंवा प्लास्टर पांढरं पडतं. ट्रायक्लोर आम्लधर्मी आहे. १ टक्का द्रावणाचा पीएच ३ च्या आसपास असतो. त्यामुळेच गोळी स्किमरच्या (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणारं काठावरचं तोंड) टोपलीत ठेवायची सवय वाईट. पंप बंद असताना टोपलीत साचलेलं आम्ल पाणी पंप सुरू होताच पहिल्या फटक्यात पंपाच्या सीलमधून, फिल्टरमधून आणि हीटरच्या तांब्याच्या नळ्यांतून जातं. पूलमध्ये निळसर-हिरवे डाग आणि सोनेरी केसांना हिरवी झाक दिसली, तर शंका या विरघळलेल्या तांब्यावर घ्या. दोष क्लोरीनच्या माथी मारला जातो, पण केस हिरवे करतं ते तांबं.

लाइनवरचा फीडर त्यामानाने बरा, दोन अटींवर. तो हीटरच्या पुढे, सगळ्यात शेवटी बसवलेला असावा आणि त्याच्या अलीकडे उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह असावा, तोही क्लोरीन सोसणारा. बंद फीडरमध्ये वायू साठतो. झाकण उघडताना पंप बंद करा, दाब सोडा, तोंड बाजूला ठेवा आणि हे काम उघड्यावर करा. फीडरमध्ये किंवा डब्यात ट्रायक्लोरच्या जागी कधीही कॅल्शियम हायपोक्लोराइटची गोळी घालू नका. दोन्हींना आपण क्लोरीनच म्हणतो, पण एकमेकांत मिसळून ओली झाली की ती पेट घेतात, स्फोटही होऊ शकतो. आधीच्या गोळीची उरलेली भुकटीसुद्धा पुरेशी आहे. डबा धुऊन वापरू असंही नको, दुसऱ्या रसायनाला दुसरा डबा.

लिक्विड क्लोरीन आणि डोसिंग पंप

सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे लिक्विड, पाण्यात मिठाखेरीज फारसं काही मागे ठेवत नाही. स्टॅबिलायझर वाढत नाही, कॅल्शियम वाढत नाही. लिक्विडने पीएच वाढतो अशी तक्रार असते. टाकल्यावर तो थोडा वर जातो खरा, पण क्लोरीन वापरलं जाताना तेवढाच खाली येतो. पीएच कायम चढत असेल तर कारण बहुधा जास्त अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सहज बदलू न देण्याची क्षमता) किंवा धबधबा, कारंजं असतं.

लिक्विडचा खरा दोष साठवणुकीत आहे. ऊन आणि उष्णता याने त्याची ताकद झपाट्याने जाते आणि जितकं तीव्र तितकं ते लवकर उतरतं. १२ टक्के म्हणून आणलेला कॅन गरम पंपघरात पडून राहिला तर काही आठवड्यांत ८-९ टक्क्यांवर आलेला असू शकतो. आपण मात्र डोस १२ च्या हिशेबाने टाकत राहतो. नवा कॅन आला की एकदा तपासून बघा: संध्याकाळी पूलचं मोकळं क्लोरीन मोजा, ५ पीपीएम वाढेल इतकं लिक्विड रिटर्नच्या समोर बारीक धारेने ओता, पंप तासभर चालू ठेवून पुन्हा मोजा. वाढ ५ ऐवजी साडेतीनच आली, तर कॅनवरच्या आकड्याच्या ७० टक्केच माल आत आहे. ही चाचणी एफएएस-डीपीडी किटनेच जमते. पाणी हिरवट असताना मात्र करू नका, तेव्हा शेवाळच क्लोरीन खातं.

रोज ओतणं जमत नसेल तर पेरिस्टाल्टिक डोसिंग पंप उत्तम. रोज ३ पीपीएम म्हणजे १० टक्क्यांचं दीड लिटर. ५० लिटरची टाकी महिनाभर पुरते. गरम हवेत टाकी एवढी भरून ठेवू नका, पंधरा दिवसांचीच भरा. पंपातली रबरी नळी रोलरखाली दबून दबून चपटी होते, हा त्याचा झिजणारा भाग. ती वर्षातून एकदा, फुटायच्या आधी बदला. फुटली की लिक्विड पंपाच्या पोटात सांडतं आणि मोटर गंजते. दुसरी तक्रार टोचणीच्या जागची. जिथे लिक्विड पाइपमध्ये शिरतं तिथे चुना जमून तोंड बंद होतं, विशेषतः जड पाण्यात. पंप फिरतोय, टाकी कमी होत नाही, हे त्याचं लक्षण. टाकीवर मार्करने रेघ मारून तारीख लिहिण्याची सवय लावली तर हे दोन दिवसांत कळतं. टाकीतलं लिक्विड जड पाण्याने पातळ करू नका, तिथेच चुना खाली बसतो.

एका गोष्टीत तडजोड नको. डोसिंग पंपाची वीज मुख्य पंपाच्या वीजेशी जोडलेली असावी आणि शिवाय पाइपमध्ये प्रवाह आहे की नाही हे बघणारा फ्लो स्विच असावा. क्लोरीन आणि ॲसिड असे दोन डोसिंग पंप असतील तर हे प्राणावर बेतणारं आहे. मुख्य पंप बंद पडला आणि डोसिंग चालू राहिलं, तर थांबलेल्या पाइपमध्ये ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र येऊन क्लोरीन वायू तयार होतो. मुख्य पंप पुन्हा सुरू झाला की तो पोहणाऱ्यांच्या तोंडासमोर बाहेर पडतो. पूलवर माणसं वायूने गुदमरल्याच्या घटनांत हे कारण पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. दोन्ही रसायनांच्या टोचण्या एकमेकींपासून लांब ठेवा आणि पंप बंद पडल्यावर परत सुरू करताना पूल रिकामा करा.

सॉल्ट क्लोरिनेटर

मिठाचा पूल म्हणजे बिनक्लोरीनचा पूल, ही समजूत आधी काढून टाका. पाण्यात साधारण ३ ते ४ ग्रॅम प्रतिलिटर मीठ असतं. समुद्रात ३५ असतं, त्यामुळे चव जेमतेम लागते. यंत्राच्या सेलमध्ये, म्हणजे पाणी ज्यातून जातं त्या भागात, टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर रुथेनियम, इरिडियम यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप. वीज गेली की एका पट्टीवर क्लोरीन, दुसरीवर हायड्रोजन. क्लोरीन आपलं काम करून पुन्हा मीठ होतं, म्हणून मीठ संपत नाही. ते फक्त बॅकवॉश, उडालेलं पाणी आणि गळती यांतून जातं.

आकार निवडताना 'इतक्या लिटरच्या पूलसाठी' या ओळीवर जाऊ नका, तासाला किती ग्रॅम क्लोरीन बनतं ते बघा. आपल्या पूलला रोज १५० ग्रॅम हवं, पंप ८ तास चालतो, म्हणजे तासाला १९ ग्रॅम. इथे २० चं मशीन घेतलं तर ते जन्मभर पूर्ण ताकदीने राबेल आणि लवकर संपेल. २५ ते ३० ग्रॅमचं घ्या आणि ६५-७५ टक्क्यांवर चालवा. लेपाचं आयुष्य चालू तासांत मोजलं जातं. साधारण ३ ते ७ वर्षं असा अनुभव येतो, आणि त्यातला फरक मुख्यतः आकार आणि चुना या दोन गोष्टींवर ठरतो.

चुना का बसतो? हायड्रोजनच्या पट्टीजवळ पाण्याचा पीएच खूप चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट तिथेच बसतं. मशीन दर काही तासांनी वीजेची दिशा उलटवून तो झटकतं. जड पाण्यात एवढं पुरत नाही. सेल काढा, एका टोकाला बूच लावा आणि ४ भाग पाण्यात १ भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड असं द्रावण भरा. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलट कधीच नाही. चष्मा, हातमोजे आणि उघडी जागा हवीच. बुडबुडे थांबले की लगेच ओतून धुवा. १०-१५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण चुना संपला की ॲसिड लेपाला लागतं. पट्ट्यांवर सळई, पाना, चाकू काहीही चालवू नका. पांढरं दिसत नसेल तर 'दर महिन्याला ॲसिड' हा नेम धरूही नका. दर वेळी थोडं आयुष्य जातंच.

मिठाच्या पूलमध्ये पीएच चढतो, पण मीठ त्याला कारण नाही. हायड्रोजनचे बारीक बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊन निघून जातात आणि पीएच वर सरकतो. अल्कलिनिटी ६० ते ८० पीपीएमवर ठेवली तर हा वेग बराच कमी होतो. १२० वर ठेवून रोज ॲसिड ओतत बसण्यात अर्थ नाही. स्टॅबिलायझर इथे जरा जास्त, ६० ते ८० ठेवा. दिवसा बनलेलं क्लोरीन दिवसाच उन्हात जाऊ नये म्हणून. क्लोरीन सतत थोडं थोडं येत असल्याने स्टॅबिलायझरच्या ५ टक्के मोकळं क्लोरीन इथे चालतं.

आता मीठ. कोऱ्या पाण्यात ३५०० पीपीएम करायला आपल्या पूलला १७५ किलो लागतं. जुन्या पूलमध्ये आधीच बरंच मीठ असतं, कारण प्रत्येक क्लोरीन शेवटी क्लोराइडच होतं. म्हणून आधी मोजा. मीठ आयोडीन नसलेलं, गुठळ्या न होण्याची औषधं न घातलेलं घ्या. सेल बंद ठेवून मीठ पसरून टाका, ब्रशने ढवळा, पंप २४ तास चालवा, पुन्हा मोजा, मगच सेल सुरू करा. नव्या प्लास्टरच्या पूलला पहिला महिनाभर मीठ घालू नये.

या यंत्राची सगळ्यात फसवी बाजू म्हणजे 'मीठ कमी' हा दिवा. मशीन मीठ मोजत नाही, पाण्यातून किती वीज जाते ते मोजून मिठाचा अंदाज बांधतं. पट्ट्यांवर चुना बसला, पाणी गार झालं, लेप झिजला, जोडणीत गंज आला, तरी वीज कमी जाते आणि दिवा तोच लागतो. लोक पोत्यांमागून पोती ओततात. मग मीठ ५-६ हजारांवर जातं, मशीन 'मीठ जास्त' म्हणून बंद पडतं आणि पाणी काढण्याखेरीज इलाज राहत नाही. दिवा लागला की क्रम असा: वेगळ्या चाचणीने मीठ मोजा, पट्ट्या उजेडात धरून बघा, पाण्याचं तापमान बघा. १५ अंशांच्या खाली बऱ्याच सेलची ताकद पडते, काही तर स्वतःहून बंद होतात. त्या दिवसांत थोडं लिक्विड टाकून भागवा.

सेल खरंच क्लोरीन बनवतोय का, हे मेकॅनिकला न बोलवता तपासता येतं. मशीन १०० टक्क्यांवर करा, दहा मिनिटं थांबा. एक नमुना रिटर्नच्या तोंडाशी बाटली धरून घ्या, दुसरा पूलच्या मधून. २५ ग्रॅमचा सेल आणि तासाला १० हजार लिटर प्रवाह असेल तर रिटर्नच्या पाण्यात क्लोरीन अडीच पीपीएमने जास्त यायला हवं. दोन्ही सारखेच आले तर सेल मेला आहे किंवा त्याला वीज पोचत नाही. एकने जास्त आलं तर चुना किंवा झीज. ॲसिडने धुऊनही आकडा सुधारला नाही तर नवा सेल घ्या.

सॉल्ट सेल हिरवं पाणी निस्तरू शकत नाही. २५ ग्रॅमचा सेल आपल्या पूलमध्ये तासाला अर्धा पीपीएम चढवतो. शेवाळ ते त्याहून लवकर खातं. तेव्हा सेल बंद करा आणि लिक्विडने क्लोरीन स्टॅबिलायझरच्या ४० टक्क्यांपर्यंत न्या. स्टॅबिलायझर ४० असेल तर १६, ७० असेल तर २८. तिथे टिकवून ठेवत, दिवसातून निदान दोनतीनदा मोजून भर घालत राहा. कधी थांबायचं? पाणी नितळ झालं, बांधलेलं क्लोरीन अर्ध्या पीपीएमवर आलं आणि सूर्यास्तानंतर घेतलेल्या नमुन्यापासून उजाडण्यापूर्वीच्या नमुन्यापर्यंत घट १ पीपीएमच्या आत राहिली, की झालं. रात्री ऊन नसतं, तेव्हा त्याहून जास्त घट झाली तर पाण्यात अजून काहीतरी जिवंत आहे. शिडीच्या नळ्या, दिव्यांच्या मागची पोकळी, स्किमरची झडप, हे ब्रश न पोचणारे कोपरे आधी तपासा.

बसवताना सेलची वीज पंपाच्या टायमरवर घ्या आणि फ्लो स्विच कधीही बायपास करू देऊ नका. प्रवाहाशिवाय सेल चालला तर हायड्रोजन आत कोंडतो. तुमच्या पूलच्या काठाला सच्छिद्र दगड असेल तर पाणी उडून सुकतं तिथे मिठाने पापुद्रे सुटतात. आधी सीलर मारा किंवा हे साधन टाळा. अर्थिंग आणि धातूच्या सगळ्या भागांची एकमेकांशी जोडणी मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच.

कंट्रोलर, यूव्ही, ओझोन, तांबं

ओआरपी कंट्रोलर क्लोरीन मोजत नाही, पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद मिलिव्होल्टमध्ये मोजतो. आतल्या, बिनउन्हाच्या आणि स्टॅबिलायझर नसलेल्या पूलला हा फार चांगला. ५० स्टॅबिलायझरच्या उघड्या पूलवर त्याचा आकडा सुस्तावतो आणि तो मनमानी डोस देतो. तिथे टायमरवर चालणारा साधा डोसिंग पंप जास्त भरवशाचा.

यूव्ही दिवा बांधलेलं क्लोरीन मोडतो आणि क्लोरीनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवी जंतूवर प्रभावी आहे, म्हणून बंदिस्त पूलला तो घेण्यासारखा. पण तो पाइपमधून जाणाऱ्या पाण्यावरच काम करतो. पूलमध्ये दोन माणसांच्या मधलं पाणी त्याच्या हाती नाही. ओझोनचंही तेच. दोन्हींसोबत क्लोरीन ठेवावंच लागतं, आणि उघड्या घरगुती पूलला ऊनच यूव्हीचं बरंच काम फुकटात करतं. तांबं-चांदीचा आयोनायझर आम्ही सुचवणार नाही. जंतू मारायला तो क्लोरीनच्या मानाने फार संथ आहे आणि पीएच चढला की पायऱ्यांवर डाग पडतात.

साठवण

ट्रायक्लोर, कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ॲसिड तीन वेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या मापांसह ठेवा. ॲसिड लिक्विडच्या वरच्या फळीवर कधीही नको. गळलं तर थेट त्यावर पडेल. पावडर विरघळवायची असेल तर बादलीत आधी पाणी घ्या आणि पावडर त्यात टाका. पंपघरातल्या लोखंडी वस्तू, कुलपं, बिजागऱ्या विनाकारण गंजायला लागल्या, तर कुठल्यातरी डब्याचं झाकण नीट बसलेलं नाही किंवा ॲसिडची बाटली श्वास सोडतेय. आधी दार उघडून हवा खेळू द्या, मग आत जाऊन शोधा.